घरी शिकवायचे, पण कोणाच्या घरचे?

२०२० साली महामारीने शाळांना कुलुपे लागली आणि आपली मुले काय शिकतात, कशी शिकतात, हे पालकांना प्रथमच जवळून पाहावयास मिळाले. काहींना ते दृश्य रुचले नाही. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवावे, हा विचार तेव्हापासून आपल्या धर्मग्रामांतल्या काही घरांत मूळ धरू लागला आहे. त्या विचाराशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते त्याच्या पहिल्या पावलाशी. मुलाला काय आवडते, घरात कोण काय जाणते, हे पाहण्याआधीच पालक विचारतात, 'चांगला अभ्यासक्रम कोणता?' आणि उत्तर म्हणून बहुधा सुचवला जातो तो अमेरिकेतील कॅथलिक गृहशिक्षण संस्थांचा तयार संच. पुस्तके, उत्तरपत्रिका, रोजचे वेळापत्रक, सारे काही एका खोक्यात!

या खोक्याच्या समर्थनार्थ ख्रिस्तसभेची वचनेही पुढे केली जातात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी जो जाहीरनामा काढला, त्यात आईवडील हेच मुलांचे आद्य व प्रमुख शिक्षक होत असे म्हटले आहे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील कलम ७९३ हे शिक्षणाला आईवडिलांचे कर्तव्य तसेच त्यांचा हक्कही मानते. आम्हाला हे सर्व मान्य आहे. किंबहुना म्हणूनच आम्ही विचारतो, की सोमवारी सकाळी कोणते पान उघडायचे हे जर सातासमुद्रापलीकडचे वेळापत्रक ठरवणार असेल, तर आईवडील त्या शाळेचे शिक्षक झाले की घंटा वाजवणारे शिपाई?

हे संच वाईट आहेत असे आमचे म्हणणे नाही. अमेरिकन कुटुंबासाठी ते घरचेच अन्न आहे. त्यांचा इतिहास, त्यांची बर्फाची नाताळ, डॉलर आणि गॅलनची त्यांची गणिते. परंतु वसईच्या मुलाच्या खिडकीबाहेर केळी आहेत, वालाच्या शेंगा आहेत, विहीर आहे. त्याच्या पाठ्यपुस्तकात यांतले काहीही नाही. मराठी तर औषधालाही नाही. मग आई शिकवण्यासाठी म्हणून इंग्रजी बोलू लागते आणि जिच्या तोंडी कादोडी किंवा वाडवळी आहे, जिला लग्नातली गाणी, पावसाची चिन्हे, भाजीची बी राखण्याची रीत ठाऊक आहे, ती आजी स्वतःच्याच घरात अडाणी ठरते. शाळेने हेच केले म्हणून आपण शाळा सोडली ना? मग तीच शाळा, भाडे देऊन, ओटीवर का आणून बसवायची?

पद्धत आणि खोके या दोन वस्तू निराळ्या आहेत, हे ध्यानात घेतले की पुष्कळसा गोंधळ मिटतो. पद्धत जगातून कोठूनही घ्यावी. शार्लट मेसन या इंग्रज शिक्षिकेने (१८४२–१९२३) सांगितले, की मुलाला उत्तम पुस्तक एकदाच वाचून दाखवावे आणि मग त्याने ते आपल्या शब्दांत परत सांगावे. धडे आखूड असावेत, बाहेर हिंडून पाहिलेल्याची वही ठेवावी. यासाठी इंग्लंडहून काय मागवायचे आहे? फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. त्यातल्या चार ओव्या बापाने मोठ्याने म्हणाव्या, मुलाने गोष्ट परत सांगावी. भाषा जुनी आहे, खरे. पण ओवी आधी कानाने शिकायची असते, अर्थ मागाहून येतो. अवघड वाटलेच तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' (२०१०) हाताशी आहे.

माँटेसोरीचेही तसेच. तिची लाकडी साधने महाग, म्हणून पुष्कळ पालक हात आखडतात. ताराबाई मोडक यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला होता. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या या बाईंनी १९४५ साली बोर्डीस ग्रामबालशिक्षा केंद्र काढले, १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. बिया, शिंपले, पाने, खडे हीच त्यांची साधने. आदिवासी मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात गेली. परक्या पद्धतीचे मर्म घेऊन तिला आपल्या मातीचे हातपाय द्यावेत कसे, याचा हा वस्तुपाठ आपल्याच पालघर जिल्ह्यात घडला. आणि आपण व्हर्जिनियाकडे पाहतो!

यावर कोणी म्हणेल, 'परीक्षेचे काय?' राष्ट्रीय मुक्त विद्यालयीन शिक्षण संस्था १९८९ पासून ते काम करते आहे. चौदा वर्षे पूर्ण झालेले मूल तेथे दहावीच्या परीक्षेसाठी नाव नोंदवू शकते. पाच विषय घ्यावे लागतात आणि त्या स्तरावर मराठी माध्यमही उपलब्ध आहे. कायद्याची बाजूही झाकू नये. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम १० सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालण्याचे कर्तव्य पालकांवर टाकते, परंतु त्यासाठी पालकांना शिक्षा सांगत नाही. ज्यांना ही संदिग्धता सोसवत नाही त्यांनी शाळा खुशाल चालू ठेवावी आणि संध्याकाळ आपली करावी. इंग्रजीला आमचा विरोध नाही. ती भाषा म्हणून नीट शिकवावी. घराची मालकीण करू नये.

मुलाची श्रद्धा जगापासून सुरक्षित राहावी म्हणून घरी शिकवतो, असे म्हणणाऱ्यांना मात्र आम्ही एवढेच विचारू, की शेजारच्या हिंदू घरचा गणपती आणि मुसलमान मित्राची ईद पाहिल्यानेच ज्याची श्रद्धा ढळते, त्याला ती कोणी आणि कशी दिली होती?

ज्यांनी गृहशिक्षणाचा निश्चय केलाच आहे त्यांनी निदान पहिले तीन महिने काहीही विकत घेऊ नये. मुलाचे निरीक्षण करावे, वही ठेवावी, आजीला रोजचा एक तास द्यावा, आणि तो वडिलांनीही बसून ऐकावा. कलम ७९३ मध्ये 'आईवडील' म्हटले आहे, केवळ आई नव्हे. दरम्यान धर्मग्रामाच्या वाचनालयांनी 'ख्रिस्तपुराणा'ची एक प्रत कपाटातून बाहेर काढून ठेवावी. नसेल तर मागवावी.