एकदा सिझेरियन, सदैव सिझेरियन?

खडकवासल्यापासून धायरीपर्यंतच्या वस्तीत एखाद्या स्त्रीचे दुसरे बाळंतपण जवळ आले, की घरात एक संभाषण ठरल्यासारखे घडते. शेजारीण विचारते, "पहिल्या वेळी कसं झालं होतं?" सासूबाई सांगतात, "सिझर." "मग आताही सिझरच," असा निकाल शेजारीण देते आणि विषय संपतो. दवाखान्यातही बहुधा याहून निराळे काही घडत नाही. जुना कागद पाहून शस्त्रक्रियेची तारीख दिली जाते; घरची मंडळी पंचांग पाहून ती एक-दोन दिवस मागेपुढे करून घेतात. जिच्या देहावर शस्त्र चालणार असते तिला मात्र कोणी काही विचारलेले नसते. "या खेपेस नैसर्गिक बाळंतपण होणार नाही का?" असे तिने स्वतःहून विचारलेच, तर ती अडाणी तरी ठरते किंवा हट्टी तरी.

वस्तुतः हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. प्रसूतिशास्त्राने तो गेली अनेक दशके अभ्यासला आहे आणि त्याचे उत्तर शेजारणीच्या उत्तराइतके सोपे नाही. अनेक स्त्रियांच्या बाबतीत ते उत्तर 'होईल' असे आहे, काहींच्या बाबतीत 'होऊ नये' असे आहे, आणि कोणती स्त्री कोणत्या गटात मोडते हे ठरविण्यासाठी जी माहिती व जी सोय लागते तिचीच आपल्याकडे वाण आहे.

जुन्या सूत्राचा उगम

'एकदा सिझेरियन, तर सदैव सिझेरियन' हे सूत्र न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ डॉ. एडविन क्रेगिन यांनी १९१६ साली मांडले. त्यांचा रोख दुसऱ्या शस्त्रक्रियेची शिफारस करण्याकडे नव्हता. पहिली शस्त्रक्रिया विचार केल्यावाचून करू नका, कारण तिचे ओझे स्त्रीला जन्मभर वाहावे लागेल, असे ते आपल्या व्यवसायबंधूंना बजावीत होते. त्या काळी गर्भाशयाच्या वरच्या, जाड भागावर उभा छेद घेतला जाई. पुढच्या खेपेस कळांच्या जोराने हा व्रण उसवण्याचा धोका मोठा असे. पुढे ग्लासगोचे डॉ. मन्रो कर यांच्या प्रयत्नाने गर्भाशयाच्या खालच्या, पातळ भागावर आडवा छेद घेण्याची पद्धत १९२० नंतर रूढ होत गेली. आज सर्वत्र बहुतांशी हाच छेद घेतला जातो. तो अधिक चांगला भरून येतो आणि कळांचा ताण अधिक सोसतो. म्हणजे ज्या वस्तुस्थितीवर ते सूत्र उभे होते ती वस्तुस्थितीच पालटली. सूत्र मात्र राहिले, आणि तेही इशारा म्हणून नव्हे, परवाना म्हणून.

योगायोग असा, की खडकवासल्याची भूषण असलेली केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थाही १९१६ सालीच जन्मास आली. धरणांच्या व बंदरांच्या लहान प्रतिकृती करून, पाण्याचा दाब प्रत्यक्ष मोजून मग सल्ला द्यावयाचा, ही तिची रीत. १९१६ चे आडाखे घेऊन आज कोणी धरण बांधीत नाही. बाळंतपणाच्या बाबतीत मात्र त्या साली केलेले विधान घरोघर अंतिम मानले जावे, हे नवल होय.

मोजलेला धोका

आजचे मोजमाप काय सांगते? खालच्या भागावर एकच आडवा छेद झालेल्या स्त्रियांना नैसर्गिक प्रसूतीची संधी दिली, तर शंभरांतील सुमारे ७२ ते ७५ जणींची प्रसूती तशीच पार पडते, असे ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या राजमान्य संस्थेचे मार्गदर्शन सांगते. पूर्वी एखादे बाळंतपण नैसर्गिक झालेले असेल तर हे प्रमाण ८५ ते ९० पर्यंत चढते. दोन सिझेरियन झालेल्या स्त्रियांतही, योग्य निवड केल्यास, सुमारे ७१ टक्के यश आढळले आहे.

नाण्याची दुसरी बाजू तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. कळा आपोआप सुरू झाल्या असता एका सिझेरियननंतर गर्भाशय फाटण्याचा संभव दोनशेत एक एवढा असतो. दोन सिझेरियननंतर तो शंभरात एकाहून थोडा अधिक होतो. औषधे देऊन कळा आणल्यास तो दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. पूर्वीचा छेद उभा असेल, गर्भाशय पूर्वी फाटले असेल किंवा वार गर्भाशयाच्या तोंडावर आली असेल, तर हा विचार करूच नये. दोन बाळंतपणांतील अंतर फार कमी असल्यास, किंवा पहिली शस्त्रक्रिया कळा अडल्यामुळे झाली असल्यास विशेष सावधगिरी हवी. दोनशेत एक हा आकडा कागदावर लहान दिसतो. परंतु ज्या घरी तो एक प्रसंग ओढवतो तेथे तो शंभर टक्के असतो. गर्भाशय फाटले तर बाळाच्या दृष्टीने हिशेब मिनिटांचा असतो. त्या मिनिटांत शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ, रक्त आणि बालरोगतज्ज्ञ हे सारे हाताशी असावे लागते.

खडकवासल्याला धोक्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले आणि पुण्याची नदीकाठची वस्ती वाहून गेली. त्या आपत्तीने धरणे बांधूच नयेत असे कोणाला शिकविले नाही. अर्धवट तयारीनिशी पाणी अडवू नये, एवढेच शिकविले. सिझेरियननंतरच्या नैसर्गिक प्रसूतीचा न्यायही तोच आहे.

दुसऱ्या शस्त्रक्रियेची किंमत

मात्र धोक्याची चर्चा एकाच पारड्यात वजने टाकून होत असते. पुन्हा शस्त्रक्रिया म्हणजे जणू निर्धोक वाट, असे गृहीत धरले जाते. प्रत्येक छेदाबरोबर पोटातील अवयव एकमेकांस चिकटण्याचा संभव वाढतो, मूत्राशयास इजा होण्याचा संभव वाढतो, आणि सर्वांत भयावह म्हणजे पुढच्या गरोदरपणी वार जुन्या व्रणात रुतून बसण्याचा संभव वाढतो. सुमारे ३०,००० स्त्रियांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, वार तोंडावर आलेल्या स्त्रियांपैकी पहिल्या सिझेरियनच्या वेळी ३ टक्के, दुसऱ्याच्या वेळी ११ टक्के आणि तिसऱ्याच्या वेळी ४० टक्के स्त्रियांत वार अशी रुतलेली आढळली. अशा वेळी रक्तस्राव आवरण्यासाठी पुष्कळदा गर्भाशयच काढावे लागते. दोन मुलांवर थांबणाऱ्या कुटुंबास हा धोका दूरचा वाटेल; ज्या घरी तिसरे मूल हवे असते, किंवा मुलगा हवा म्हणून सुनेवर तिसरे बाळंतपण लादले जाते, तेथे तो दाराशी उभा असतो. याखेरीज शस्त्रक्रियेनंतर कष्टकरी स्त्रीची बुडणारी मजुरी, घरी ठेवावे लागणारे माणूस आणि कर्जाऊ घेतलेले रुग्णालयाचे बिल यांचा हिशेब कोणत्याच केसपेपरवर नोंदलेला नसतो.

आकडे आणि त्यांमागचे अर्थकारण

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात २००५-०६ मध्ये ८.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या होत्या. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण २१.५ टक्के झाले. महाराष्ट्रात ते २५.४ टक्के, म्हणजे चारांत एक, तर तेलंगणात ६०.७ टक्के होते. देशभरातील सरकारी संस्थांत १४.३ टक्के आणि खासगी संस्थांत ४७.४ टक्के, ही तफावत अधिक बोलकी आहे. गुंतागुंतीच्या अनेक प्रसूती ससूनसारख्या सरकारी रुग्णालयांकडे धाडल्या जातात हे ध्यानी घेतले, तर ही तफावत केवळ वैद्यकीय कारणांनी घडली असेल असे मानणे कठीण आहे. एकंदर लोकसंख्येत हे प्रमाण दहा टक्क्यांपुढे गेल्याने माता व बालकांचे मृत्यू आणखी घटल्याचे दिसत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले. ज्या पहिल्या शस्त्रक्रिया आज होत आहेत त्यांतूनच उद्याच्या दुसऱ्या शस्त्रक्रिया जन्मणार, हे उघड आहे. ही चक्रवाढ आहे.

तिचे खापर एकट्या डॉक्टरांच्या माथी फोडणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली दाखवून दिले, की वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा नसतो. येथे विकणाराच गिऱ्हाइकाला त्याची गरज सांगत असतो. आता खासगी प्रसूतिगृह एकट्याने चालविणाऱ्या डॉक्टरची स्थिती पाहा. नैसर्गिक प्रसूतीस दहा-बारा तास लागतील, कदाचित मध्यरात्र उलटेल. व्रण असलेल्या स्त्रीच्या उशाशी सतत कोणी तरी जाणते माणूस हवे. भूलतज्ज्ञ बाहेरून बोलवायचा. शस्त्रक्रिया ठरल्या वेळी तासाभरात उरकते आणि तिचे शुल्कही जास्त असते. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणल्यापासून डॉक्टरच्या मनात आणखी एक हिशेब असतो: शस्त्रक्रिया केल्याबद्दल सहसा कोणी कोर्टात खेचीत नाही, न केल्याबद्दल खेचतो. रुग्णालयांवरील हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्रास २०१० साली स्वतंत्र कायदा करावा लागला, ही गोष्टही विसरता येणार नाही. पैसा, वेळ आणि भय ही तिन्ही बोटे एकाच दिशेला दाखवीत असताना माणसाने उलट चालावे, अशी अपेक्षा केवळ सद्गुणाच्या भरवशावर करता येत नाही.

अमेरिकेचा अनुभव येथे बोधप्रद आहे. तेथे पूर्वी सिझेरियन झालेल्या स्त्रियांतील नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण १९९६ मध्ये २८ टक्क्यांवर गेले होते. उत्साहाच्या भरात निवड ढिली झाली, अपघात घडले, खटले उभे राहिले, १९९९ साली व्यावसायिक संघटनेने नियम कडक केले आणि दहा वर्षांत ते प्रमाण दहा टक्क्यांखाली घसरले. २०१० साली तेथील तज्ज्ञांनी नियम पुन्हा काहीसे सैल केले. सरसकट 'हो' आणि सरसकट 'नाही' ही दोन्ही टोके सारखीच घातक, हा त्याचा अर्थ.

काय करता येईल

खडकवासला हे गाव २०२१ साली पुणे महापालिकेत आले. महापालिका आली म्हणजे करही आले. मग बाळंतिणीच्या वाट्याला काय आले हे विचारण्याचा अधिकारही आला. डोणजे, पानशेतकडून येणाऱ्या स्त्रियांची वाटही याच रस्त्याने जाते. सिंहगड रस्त्यावर वाहनांची कोंडी झाली असता शहरातील रुग्णालय किती मिनिटांवर आहे, हा केवळ वाहतुकीचा प्रश्न राहत नाही. तो स्त्रीने कोणता निर्णय घ्यावा हे ठरविणारा वैद्यकीय प्रश्न बनतो. या पट्ट्यात अहोरात्र चालणारे शस्त्रक्रियागृह, निवासी भूलतज्ज्ञ आणि रक्तसाठा असलेले सार्वजनिक प्रसूतिगृह ही म्हणूनच चैन नव्हे. सरकारी रुग्णालयांत सिझेरियनसह प्रसूती विनामूल्य करण्याची योजना केंद्राने २०११ पासून लागू केली आहे. तिला जागेवर अर्थ यायचा तर जागेवर सोय हवी.

दुसरी सुधारणा फुकटात होण्याजोगी आहे. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर घरी जाणाऱ्या प्रत्येक स्त्रीच्या कागदावर छेद आडवा की उभा, शस्त्रक्रिया का करावी लागली, आणि पुढच्या खेपेस नैसर्गिक प्रसूतीचा विचार करता येईल की नाही, या तीन ओळी मराठीत लिहिल्या जाव्यात. माहेरी एक बाळंतपण आणि सासरी दुसरे, अशा आपल्या रिवाजात हा कागद नसला, की दुसऱ्या डॉक्टरला अंधारात निर्णय घ्यावा लागतो आणि तो साहजिकच शस्त्रक्रियेकडे झुकतो. कातडीवरचा व्रण पाहून गर्भाशयावरचा छेद कळत नाही.

तिसरी गोष्ट प्रसिद्धीची. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेशी संलग्न रुग्णालयांनी सिझेरियनचे प्रमाण दर्शनी भागी लावावे, असा आदेश २०१७ साली निघाला होता. तोच दंडक महापालिकेने आपल्या हद्दीतील सर्व प्रसूतिगृहांस लावावा. मात्र अवघड प्रसूती स्वीकारणाऱ्या रुग्णालयावर अन्याय होऊ नये म्हणून स्त्रियांचे गट पाडून आकडे द्यावेत. तशी दहा गटांची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने पुरस्कारिलेली आहे आणि पूर्वी सिझेरियन झालेल्या स्त्रियांचा त्यात स्वतंत्र गट आहे. प्रसूती कोणत्याही मार्गाने झाली तरी शुल्क एकच, हे तत्त्व विमा कंपन्यांनी व रुग्णालयांनी स्वीकारल्यास निर्णयातून पैशाचा वास तरी जाईल. आणि कळा देणाऱ्या स्त्रीजवळ तासन्‌तास बसण्यासाठी प्रशिक्षित प्रसविका तयार करण्याचे जे धोरण केंद्राने २०१८ साली जाहीर केले, त्यास गती मिळाली तर डॉक्टरची रात्रही वाचेल.

अखेर निर्णय त्या स्त्रीचा आहे. सारे समजून घेऊन तिने पुन्हा शस्त्रक्रियाच पसंत केली, तर तिला भित्री म्हणण्याचा अधिकार कोणास नाही. नैसर्गिक प्रसूतीचा मान असे काही नसते आणि सिझेरियनने आई झालेली स्त्री उणी ठरत नाही. तसेच पात्र असूनही केवळ सोय नाही, कागद नाही किंवा कोणाला वेळ नाही म्हणून तिला टेबलावर जावे लागले, तर त्याला तिची निवड म्हणता येणार नाही. शेजारणीने विचारलेला प्रश्न योग्यच होता: पहिल्या वेळी कसे झाले होते? त्याला जोडून आणखी दोन प्रश्न घरच्यांनी विचारावयास हवेत. का झाले होते, आणि या खेपेस तिला काय हवे आहे?