दुधावरची साय आणि आजीची गोळी

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दोन्ही मुली माहेरपणाला आलेल्या, मुलगा-सून रजा काढून आलेले आणि पाच नातवंडे. आम्ही दोघे धरून घरात अकरा माणसे. आमरसासाठी आंबे पिळता पिळता माझी पत्नी उठली, दाराची चौकट धरून उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, जरा गरगरतंय."

रक्तदाब मोजला. १८०/१०४! गोळ्यांचा डबा उघडला, तर सहा दिवसांच्या गोळ्या जशाच्या तशा. विचारल्यावर ती म्हणाली, "न्याहारीनंतर घ्यायची ना? न्याहारी करायला बसलेच कुठे!"

तिला लगेच शहरातल्या तज्ज्ञांकडे नेले. सुदैवाने थोडक्यात निभावले. मी या तालुक्यात पस्तीस वर्षे दवाखाना चालवला. "गोळी चुकवू नका" हे वाक्य हजारो रुग्णांना ऐकवले. पण घरातलीच गोळी चुकत होती, तेव्हा मी ओसरीवर वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. लिहिताना लाज वाटते, तरी लिहितो. कारण ही गोष्ट एकट्या माझ्या घरची नाही.

पत्नी प्राथमिक शिक्षिका होती. ५८ व्या वर्षी निवृत्त झाली. निरोप समारंभात सगळे म्हणाले, "बाई, आता आराम करा." आराम कसला! शाळेला निदान रविवारची सुटी असे.

दुधापेक्षा दुधावरची साय गोड, हे मला मान्य आहे. नातवंडे म्हणजे म्हातारपणाचे टॉनिकच. पण टॉनिकलाही मात्रा असते. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे ५७ ते ६८ वयाच्या १८६ स्त्रियांची पाहणी झाली, ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. आठवड्यातून एक दिवस नातवंडे सांभाळणाऱ्या आज्या बुद्धीच्या बहुतेक चाचण्यांत सरस ठरल्या. पाच किंवा अधिक दिवस सांभाळणाऱ्या मात्र मेंदूच्या कामाचा वेग मोजणाऱ्या चाचणीत मागे पडल्या. एवढ्याशा पाहणीवरून कायमचा निष्कर्ष काढू नये, हे खरे. पण विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

वाचकहो, रक्तदाब वाढला तरी बहुधा काही दुखत नाही. म्हणूनच गोळी चार दिवस राहिली तर काही बिघडले नाही असे वाटते आणि एखाद्या दिवशी एकदम पक्षाघाताचा झटका येतो. मधुमेहाचे उलटे. गोळी किंवा इन्सुलिन घेतले आणि सर्वांना वाढता वाढता स्वतःचे जेवण लांबले, तर साखर उतरते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, काही सुचेनासे होते. दोन वर्षांचे मूल अकरा-बारा किलोचे असते. कमरेत वाकून ते दिवसातून वीस वेळा उचलले तर साठीची कंबर कुरकुरणारच. खाली बसून मूल मांडीवर घ्यावे, हे उत्तम.

मुलांनाही दोष देऊन चालणार नाही. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. पण आपल्या गावात पन्नास माणसे कामाला असलेली ठिकाणे किती? रजा संपली की सहा महिन्यांचे बाळ आजीच्याच ओटीत येते. माझे स्पष्ट मत असे, की नातवंडे सांभाळणे ही माया आहेच, पण ते कामही आहे. कामाला वेळ हवी, सुटी हवी आणि करणाऱ्याची संमतीही हवी. "आई आहेच की घरी" ही संमती नव्हे.

आमच्या घरी आता चार नियम आहेत :

१) सकाळी आठला आजीची न्याहारी आणि गोळी. इतरांचे डबे त्यानंतर.

२) दुपारी एक तास आजीची विश्रांती. त्या वेळी मुले आजोबांकडे.

३) गुरुवारी आजीला सुटी. त्या दिवशी ती भजनी मंडळात जाते आणि भात-पिठले मी करतो. पिठल्यात गुठळ्या होतात. कोणी तक्रार करत नाही.

४) गोळ्यांचा डबा मुलांचा हात पोहोचणार नाही अशा, पण आजीच्या नजरेसमोरच्या जागी. रंगीत गोळ्या मुलांना खाऊच वाटतात.

एखादी गोळी चुकलीच, तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. आपल्या डॉक्टरांना विचारावे.

पाहुणे येऊ देत, घर भरू दे. भरलेल्या घरासारखे सुख नाही. फक्त ते सुख एकाच माणसाच्या पाठीवर उभे नसावे. आजोबांनो, हे वाचून झाले असेल तर पेपर खाली ठेवा, आत जा आणि विचारा, "अगं, आजची गोळी घेतलीस का?" आणि उत्तर ऐकून परत येऊन बसू नका. पाण्याचा पेलाही तुम्हीच भरून द्या.