‘सेंटर’ शोधताना : व्यसनमुक्ती, इन्शुरन्स आणि आपण



मंडळाच्या पॉटलकला आपण भेटतो तेव्हा गप्पांचे विषय साधारण ठरलेले असतात. मुलांची शाळा, घरांचे भाव आणि ग्रीन कार्डची तारीख किती पुढे सरकली! आज ज्याबद्दल लिहायचं आहे तो विषय जेवणाच्या रांगेत कधीच निघत नाही. निघालाच तर पार्किंग लॉटमध्ये, हळू आवाजात निघतो.

आमचा एक मित्र आहे, इंजिनिअरिंगच्या होस्टेलपासूनचा. त्याने हा लेख छापण्याआधी वाचला आणि ‘नाव आणि गाव नको, बाकी सगळं छापा’ एवढीच अट घातली. नोकरी गेली, दुसरी मिळायला आठ महिने लागले, आणि शुक्रवार संध्याकाळपुरती असलेली दारू हळूहळू दुपारपर्यंत मागे आली. आम्हाला दिसत होतं. पण ‘टेन्शन आहे, होईल ठीक’ असं म्हणून आम्ही सगळेच गप्प बसलो. फेब्रुवारीतल्या एका रात्री वहिनींचा फोन आला तेव्हा गप्प बसायची सोय संपली.

पहिली चूक आम्हीच केली. आम्ही सगळे सॉफ्टवेअरवाले, प्रॉब्लेम आला की पॅच टाकून मोकळे! घरातल्या सगळ्या बाटल्या सिंकमध्ये ओतल्या आणि आळीपाळीने त्याच्याजवळ बसायचं ठरवलं. दुसऱ्या रात्री त्याचे हात थरथरायला लागले, अंग घामाने भिजलं, आणि तो भिंतीवरच्या मुंग्या वेचायला लागला. भिंतीवर मुंग्या नव्हत्या. आमच्यातल्या एकाची बायको नर्स आहे, तिने फोनवर अर्धं वाक्य ऐकलं आणि म्हणाली, ‘बोलत बसू नका, ९११ करा.’ इमर्जन्सीतल्या डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं की वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकदम तोडली तर फिट्स येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, आणि त्यात माणूस दगावूही शकतो. म्हणून पहिले काही दिवस औषधांच्या आधाराने, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढायचे असतात. आमच्या त्या खोलीत मिळून चार मास्टर्स डिग्र्या होत्या, आणि ही गोष्ट एकालाही माहीत नव्हती.

पाच दिवसांनी हॉस्पिटलने डिस्चार्ज दिला आणि हातात सेंटर्सची एक झेरॉक्स यादी ठेवली. इथून खरी गोष्ट सुरू झाली.

यादीतले निम्मे नंबर बंद होते, म्हणून इंटरनेटवर शोधून एका टोल-फ्री नंबरवर फोन केला. पलीकडे अतिशय गोड आवाज. पेशंट कसा आहे, किती पितो, यातलं काहीच विचारायच्या आधी त्या आवाजाने इन्शुरन्स कार्डवरचा नंबर मागितला. दहा मिनिटांत उलटा फोन : ‘तुमची पॉलिसी उत्तम आहे, फ्लोरिडाला पाठवा, विमानाचं तिकीट आम्ही काढतो.’ आम्हाला आधी बरंच वाटलं. नर्सवहिनी मात्र म्हणाल्या, ‘फुकट तिकीट? कुठलं हॉस्पिटल पेशंटला फुकट तिकीट देतं?’

मग आम्ही वाचायला बसलो. २००८ साली अमेरिकेत एक कायदा झाला. त्यानुसार इन्शुरन्स कंपनीला शरीराच्या आजारांपेक्षा मनाच्या आजारांवर आणि व्यसनांवरच्या उपचारांना जास्त कडक अटी लावता येत नाहीत. २०१० च्या ‘ओबामाकेअर’ने त्याची व्याप्ती वाढवली आणि मुलांना २६ वर्षांचे होईपर्यंत आई-वडिलांच्या पॉलिसीवर राहायची सोय केली. कायदे चांगलेच, पण एवढा पैसा एका दमात या धंद्यात आला की त्यामागून दलालही आले. दक्षिण फ्लोरिडात पेशंट ‘पुरवण्याचे’ पैसे मिळू लागले. सेंटरमधून ‘सोबर होम’मध्ये, तिथे पुन्हा व्यसन लागलं की परत सेंटरमध्ये, आणि दर फेरीला लघवीच्या तपासण्यांची अवाच्या सवा बिलं. या फेऱ्यांना तिथे ‘फ्लोरिडा शफल’ असं नावच पडलं. पेशंट बरा होण्यात कुणालाच फायदा नव्हता! २०१७ साली गूगलने अशा सेंटर्सच्या जाहिरातींना लगाम घातला आणि २०१८ साली पेशंटमागे कमिशन देणं-घेणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा ठरला. तरी धंदा थांबला असं नाही. २०२३ साली ॲरिझोनात असाच मोठा घोटाळा उघड झाला. तिथे सावज होते मूळ अमेरिकन जमातींचे लोक, आणि बिलं जात होती सरकारी मेडिकेडकडे.

आपली पॉलिसी कंपनीची, म्हणजे दलालाच्या भाषेत ‘उत्तम’. आपल्याला या देशाची फारशी माहिती नसते, भिडस्तपणा असतो आणि लपवायची घाई असते. असलं गिऱ्हाईक त्याला आणखी काय हवं?

शेवटी आमच्याच राज्यातलं, घरापासून दोन तासांवरचं, इन्शुरन्सच्या नेटवर्कमधलं एक सेंटर मिळालं. माहितीपत्रकात २८ दिवसांचा कार्यक्रम होता. इन्शुरन्सने सात दिवस मंजूर केले. पुढे दर तीन-चार दिवसांनी ‘रिव्ह्यू’. वहिनी म्हणायच्या, ‘तुमचे स्प्रिंट बरे, निदान दोन आठवड्यांचे तरी असतात.’ चौदाव्या दिवशी पत्र आलं की पेशंटची तब्येत आता स्थिर आहे, निवासी उपचारांची ‘वैद्यकीय गरज’ नाही. ज्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्याला कोणी ‘आता दुखत नाही ना, मग फिजिओथेरपी बंद’ असं सांगत नाही. इथे ते सर्रास सांगतात.

हा वाद आमच्या मित्रापुरता नाही. एका मोठ्या इन्शुरन्स कंपनीने वैद्यकशास्त्राला मान्य निकष सोडून स्वतःचे जास्त कडक निकष वापरले, असा निकाल २०१९ साली कॅलिफोर्नियातल्या केंद्रीय न्यायालयाने दिला होता. वरच्या न्यायालयाने नंतर तो बराचसा फिरवला. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने २००८ च्या कायद्याखाली नवे, जास्त धारदार नियम आणले. कंपन्यांच्या संघटनेने त्याविरुद्ध कोर्टात धाव घेतली, आणि मे २०२५ मध्ये नव्या सरकारने जाहीर केलं की २०२४ च्या नियमांमध्ये जे नवीन आहे त्याची अंमलबजावणी आम्ही करणार नाही. मूळ कायदा मात्र रद्द झालेला नाही, आणि हे महत्त्वाचं आहे. नकाराचं लेखी कारण मागायचा, कंपनीकडे अपील करायचा आणि तिथेही नाही म्हणाले तर बाहेरच्या स्वतंत्र तज्ज्ञाकडून फेरतपासणी मागायचा हक्क कायम आहे. वहिनींनी सेंटरच्या डॉक्टरांना कंपनीच्या डॉक्टरांशी थेट बोलायला लावलं, स्वतः तातडीचं अपील केलं, आणि आणखी नऊ दिवस मिळवले. आपल्यातले बहुतेक जण पहिल्या ‘नाही’लाच फोन ठेवून देतात.

आत काय झालं ते त्याच्याच तोंडून ऐकलेलं. पहिल्या दिवशी फोन आणि पट्टा काढून घेतला. जेवणात शाकाहारी म्हणजे सॅलड आणि चीज सँडविच, तेवीस दिवस! ग्रुपमध्ये एक ट्रक ड्रायव्हर, एक निवृत्त शिक्षिका आणि फेंटानिलमधून वाचलेला बावीस वर्षांचा मुलगा. ‘वडील गेले तेव्हा तुला काय वाटलं?’ या प्रश्नाला त्याने चार दिवस ‘ठीक’ असं एकच उत्तर दिलं. वडील गेले तेव्हा व्हिसाच्या भानगडीमुळे त्याला जाता आलं नव्हतं, हे आम्हाला माहीत होतं. तो त्याबद्दल एकदाही बोलला नव्हता, हे मात्र आमच्या कधी लक्षात आलं नव्हतं. पाचव्या दिवशी तो बोलायला लागला तो मराठीतच. समुपदेशक बाईंनी थांबवलं नाही. ‘एक शब्द कळला नसेल तिला, पण टिश्यूचा बॉक्स पुढे सरकवला,’ तो सांगतो.

तक्रारीही आहेत त्याच्या. वैयक्तिक थेरपी माहितीपत्रकात मोठ्या अक्षरात होती, प्रत्यक्षात आठवड्याला एक तास. शनिवार-रविवार बहुतेक टीव्ही. मानसोपचारतज्ज्ञ स्क्रीनवर, दहा मिनिटं. आणि सगळ्यात धक्कादायक म्हणजे दारूची ओढ कमी करणारं नाल्ट्रेक्सोन नावाचं औषध असतं, १९९४ पासून त्याला या कामासाठी मान्यता आहे, हे तिथे कुणी सांगितलंच नाही. नंतर नेहमीच्या डॉक्टरांनी ते सुरू केलं. आता कोणी विचारलं तर आमचे प्रश्न ठरलेले आहेत. औषधं देता का, डॉक्टर रोज असतात का, घरच्यांना काय शिकवता आणि बाहेर पडल्यावर पुढचे सहा महिने कोण बघणार. स्विमिंग पूल किती मोठा आहे ते नाही विचारलं तरी चालतं.

घरच्यांसाठी शनिवारी दोन तासांचं सत्र होतं. त्याची आई साताऱ्याहून व्हिडिओवर, तिथे रात्रीचे साडेअकरा, आणि दुभाषाचं काम आमच्याकडे. आई म्हणाल्या, ‘संगत वाईट लागली त्याला तिकडं.’ ती ‘संगत’ म्हणजे आम्हीच! ते इंग्रजीत कसं सांगायचं म्हणून आम्ही क्षणभर अडखळलो, मग जसंच्या तसं सांगून टाकलं.

आईंचा पहिल्यापासून आग्रह होता की त्याला पुण्याला आणा, ‘मुक्तांगण’मध्ये ठेवा. तो आग्रह भाबडा नव्हता. डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने, येरवड्याला सुरू केलेलं हे केंद्र आपल्यापैकी अनेकांनी निदान वाचून तरी ओळखलेलं आहे. तिथला कार्यक्रम ३५ दिवसांचा, समुपदेशकांमध्ये स्वतः व्यसनातून बाहेर आलेले लोक, आणि पेशंटच्या बायकांसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट. बायकोचंही काहीतरी मोडलेलं असतं हे तिथे फार आधी ओळखलं गेलं. वहिनींना इथे तसं काही मिळालं नाही. दर आठवड्याला एकीने त्यांच्याकडे जाऊन बसायचं, हे मग आमच्यातल्या बायकांनीच ठरवलं.

पण ‘भारतात नेलं की झालं’ असंही नाही. ऑगस्ट २००१ मध्ये तमिळनाडूत एरवाडीला आग लागली तेव्हा साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला पूर्ण बंदी केली आणि अशा केंद्रांना नोंदणी सक्तीची केली. तरीही मारहाण करणाऱ्या, बिननोंदणीच्या ‘व्यसनमुक्ती केंद्रां’च्या बातम्या अधूनमधून येतच असतात. तेव्हा पुण्या-मुंबईतही नाव बघूनच जावं. शिवाय ३५ दिवसांनंतर माणूस परत येणार इथेच, त्याच एकट्या फ्लॅटमध्ये आणि त्याच दारूच्या दुकानासमोर. पुढची साथ इथेच लागते, म्हणून आम्ही इथलंच सेंटर निवडलं.

आणखी एक भीती होती, जी सगळ्यांनाच असते आणि कुणी उघड विचारत नाही : व्हिसाचं काय? आम्ही वकिलांना विचारून घेतलं. व्यसनाच्या उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचे वेगळे केंद्रीय नियम १९७० च्या दशकापासून आहेत. आजारपणाची बिनपगारी १२ आठवड्यांची रजा, कंपनी पुरेशी मोठी असेल आणि नोकरीला वर्ष झालं असेल तर, एच-वनवाल्यालाही मिळते. ग्रीन कार्डच्या वैद्यकीय तपासणीत व्यसनाचे प्रश्न असतात हे खरं, त्यासाठी आपापल्या वकिलाशी आधी बोलावं. पण उपचारांपेक्षा मोठा धोका आहे तो पिऊन गाडी चालवण्याचा. त्या आरोपाखाली नुसती अटक झाली तरी, शिक्षा होण्याआधीच, वकिलात पासपोर्टवरचा व्हिसा रद्द करू शकते. हे धोरण २०१५ पासून आहे. लोक मात्र घाबरतात उपचारांना आणि पार्टीनंतर बिनधास्त चावी खिशातून काढतात!

सेंटरमधून आल्यावर मानसोपचारतज्ज्ञ शोधणं हा वेगळाच अध्याय. इन्शुरन्सच्या डिरेक्टरीतली तेवीस नावं आम्ही वाटून घेतली. दोघांनी अपॉइंटमेंट दिली, तीही सहा आठवड्यांनंतरची. आम्हाला वाटलं आमचंच नशीब. पण २०२३ साली अमेरिकन सिनेटच्या एका समितीने ज्येष्ठ नागरिकांच्या बारा खासगी मेडिकेअर प्लॅन्सच्या याद्यांमधून १२० फोन केले, तेव्हा त्यांनाही फक्त १८ टक्के वेळा अपॉइंटमेंट मिळाली होती. मधल्या सहा आठवड्यांत दोन रात्री वाईट गेल्या. त्यातल्या एका रात्री वहिनींनी ९८८ ला फोन केला. जुलै २०२२ पासून हा तीन आकडी नंबर देशभर चालतो, चोवीस तास, आणि पोलीस न येताही नुसतं बोलता येतं. भारतात आई-वडिलांपैकी कुणाला गरज पडली तर तिकडे ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ आहे, नंबर १४४१६, मराठीतही बोलतात. साताऱ्याच्या आईंनी तो आमच्याकडून लिहून घेतला. कशासाठी ते आम्ही विचारलं नाही.

मित्र आता कामावर आहे. आठवड्यातून तीनदा चर्चच्या तळघरातल्या मीटिंगला जातो, मधे एकदा घसरला, पुन्हा उभा राहिला. दिवाळीला मंडळात आला होता, तेव्हा कुणीतरी सवयीने ‘काय रे, गाडीत काही ठेवलंयस की नाही?’ असं विचारलं. तो हसला आणि फराळाच्या टेबलाकडे गेला.

वहिनींनी त्या तीन महिन्यांतल्या प्रत्येक फोनची एक एक्सेल शीट केली आहे. कुणाशी बोललो, काय म्हणाले, अपीलाच्या पत्रात काय लिहिलं, कुठला डॉक्टर खरोखर फोन उचलतो, सगळं त्यात आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी मंडळाच्या कार्यकारिणीपैकी कुणालाही सांगावं. कशासाठी हवी, कुणासाठी हवी, असं विचारलं जाणार नाही.