मालिकांतील शृंगार

आपल्या भाषेत ‘शृंगार’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. नवरसांतील पहिला रस तो शृंगार. आणि वस्त्रे, दागिने, वेणीफणी यांनी केलेली सजावट तीही शृंगारच. ऐतिहासिक मालिका पाहत असताना या दोन अर्थांची इतकी सरमिसळ होते की, आपल्या मनाला भुरळ घातली ती नायक-नायिकेच्या प्रीतीने की नायिकेच्या नथीने, हे पाहणाऱ्यालाही नेमके सांगता येत नाही. या खेपेस त्याच विषयाचा थोडा विचार करावयाचा आहे.

यमुनेच्या पूर्वतीरावरील आमच्या मयूर विहारात सायंकाळी मराठी घरांत डोकावले, तर एक गमतीचे दृश्य दिसते. आजी दूरचित्रवाणीसमोर पेशवाईतील मालिका पाहत असतात. नात पलीकडच्या खोलीत हातातल्या फोनवर चिनी राजवाड्यातील मालिका पाहत असते. आजींना वाटते, नातीला परक्यांचे वेड लागले. नातीला वाटते, आजी तेच तेच पाहतात. वस्तुतः दोघी जवळजवळ एकच गोष्ट पाहत असतात.

चिनी ऐतिहासिक मालिकांतील प्रेमाचे काही ठरीव साचे आहेत. पुरुषवेष घेऊन घराबाहेर पडलेली कन्या. ती ओळखू न येणारा, किंवा ओळखूनही तसे न दाखविणारा राजपुत्र. बालपणी दिलेले आणि पुढे विसरलेले वचन. सम्राटाच्या आज्ञेने नको त्या व्यक्तीशी जुळलेला विवाह. जिन्यावरून पाय घसरताच नायकाच्या बाहूत अलगद येणारी नायिका. हिमवर्षावात तिच्या डोक्यावर धरलेली छत्री. आणि प्रेमाची खूण म्हणून दिलेला केसांतील काटा. आपल्याकडील मालिकांत छत्रीच्या जागी सज्जा येतो, काट्याच्या जागी गजरा येतो, आणि घसरण्याचे काम बहुधा नायिकेचा पदर करतो. साचा मात्र तोच.

काळाचाही एक योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. ‘स्टोरी ऑफ यान्शी पॅलेस’ ही सत्तर भागांची चिनी मालिका २०१८ साली आली व जगभर गाजली. तिचा नायक छ्येनलुंग सम्राट १७३५ ते १७९६ या काळात गादीवर होता. आपले थोरले माधवराव पेशवे १७६१ ते १७७२ या काळातले. म्हणजे एकाच वेळी पृथ्वीवर नांदणारे हे दोन दरबार होत. रणजित देसाई यांनी १९६२ साली ‘स्वामी’ ही कादंबरी लिहून माधवराव व रमाबाई यांना घराघरांत नेले. पुढे गजानन जागीरदारांच्या दिग्दर्शनाखाली तिची दूरदर्शन मालिका झाली. रवींद्र मंकणी यांचे माधवराव आणि त्या वेळी शाळकरी वयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मृणाल देव यांच्या रमाबाई अद्याप कित्येकांच्या डोळ्यांसमोर आहेत.

आता सजावटीचा शृंगार पाहू. १९९८ साली चीनमध्ये लोकप्रिय झालेल्या ‘माय फेअर प्रिन्सेस’ या मालिकेत छ्येनलुंगच्या काळातील स्त्रिया डोक्यावर पंखासारखे रुंद शिरोभूषण मिरवितात. ते रुंद शिरोभूषण वस्तुतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील, म्हणजे शंभरएक वर्षांनंतरचे. ‘यान्शी पॅलेस’च्या कर्त्यांनी ही चूक टाळली. केशरचना आटोपशीर ठेवली. मांचू स्त्रियांच्या चालीप्रमाणे नायिकेच्या एकेका कानात तीन तीन कर्णभूषणे घातली. रंग भडक न ठेवता मळकट निळा, राखी, फिकट हिरवा असे शांत ठेवले. केसांत माळण्यासाठी नानकिंगच्या कारागिरांची रेशमी धाग्यांची फुले आणली, आणि विस्मरणात चाललेल्या त्या कलेला मालिकेमुळे नवे गिऱ्हाईक लाभले. सजावट अभ्यासपूर्वक केली तर तिचा असाही उपयोग होतो.

या बाबतीत महाराष्ट्राने कोणाकडून धडे घ्यावेत अशी स्थिती नाही. मालिकांचा जन्म होण्यापूर्वीच बालगंधर्वांनी रंगभूमीवर स्त्रीवेषाचा असा आदर्श घालून दिला होता की, त्यांचे लुगडे नेसणे, त्यांची नथ, त्यांच्या अंबाड्यावरील फुले यांचे अनुकरण कुलीन घरांतील स्त्रिया करीत. एका पुरुष नटाने स्त्रियांना नेसावे कसे हे शिकविले, हे नवल जगात क्वचितच घडले असेल. पुढे कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ‘गांधी’ या चित्रपटाच्या वेषभूषेबद्दल १९८३ साली ऑस्कर पारितोषिक मिळाले. ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. अशी परंपरा असताना आजच्या काही मालिकांत गाठीच्या खणाच्या चोळीऐवजी आखूड बाह्यांचे झगमगीत पोलके दिसते, निजतानाही नायिकेच्या अंगावर चिंचपेटी, तन्मणी व वज्रटीक असतात, आणि रोगशय्येवरील मुखावरचा रंग रेसभरही उतरत नाही, तेव्हा मन खट्टू होते.

अभिनयाचीही तीच गोष्ट. राजदरबारी माणसाला भावना लपवाव्या लागतात. म्हणून चांगला नट डोळ्यांनी बोलतो आणि हात आवरतो. चिनी मालिकांत बहुधा नटाचा आवाजही त्याचा स्वतःचा नसतो. व्यवसायी वाचिक कलावंत तो नंतर देतात. त्यामुळे नटाच्या मुद्रेवरच सारा भार पडतो. चांगल्या नटीच्या पापणीची एक उघडझाप तिथे पुष्कळ सांगून जाते. सामान्य नटीचा चेहरा मात्र नुसताच सुंदर व कोरा राहतो.

भाषांतर हा माझा रोजचा व्यवसाय असल्यामुळे एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. चिनी सम्राट स्वतःसाठी ‘जेन’ हे सर्वनाम योजतो. इसवी सनापूर्वी २२१ मध्ये पहिल्या सम्राटाने ते आपल्यापुरते राखून ठेवले. राण्या स्वतःचा उल्लेख ‘दासी’ अशा अर्थाच्या शब्दाने करतात. एखाद्या उत्कट प्रसंगी सम्राट ‘जेन’ सोडून साधा ‘मी’ म्हणतो, तेव्हा चिनी प्रेक्षकाच्या अंगावर रोमांच उभे राहतात. पण पडद्याखालच्या इंग्रजी ओळीत दोन्ही ठिकाणी एकच शब्द असतो आणि आपली मुले त्या क्षणास मुकतात. हे मर्म मराठी माणसास चटकन कळावे. आपल्या वाड्यांतील स्त्री पतीचे नाव घेत नसे, त्याला ‘तुम्ही’ही म्हणत नसे, ‘इकडून येणे झाले का?’ एवढेच विचारी. त्या ‘इकडून’मध्ये आदर होता, लाज होती, आणि क्वचित ओलावाही होता. जो लेखक हा शब्द नीट वापरतो त्याला नायिकेचा पदर घसरविण्याची गरज पडत नाही. दिल्लीत वाढणाऱ्या मराठी मुलांच्या कानांवर ही भाषा बहुधा मालिकेतूनच पडावयाची. तेवढ्यासाठी तरी आजी व नात यांनी एकत्र बसावे.

येथवर रुचीचा प्रश्न झाला. परंतु शृंगाराच्या आड याहून गंभीर गोष्ट लपलेली असते. माधवरावांचा विवाह १७५८ साली झाला, तेव्हा ते तेरा वर्षांचे होते, आणि रमाबाई त्यांहून लहान. पानिपतच्या घातानंतर सोळाव्या वर्षी त्यांच्यावर राज्याचा भार पडला. संसाराची वर्षे मोहिमांत आणि घरच्या कलहात गेली. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी पुण्याजवळच्या थेऊर येथे क्षयाने त्यांचा अंत झाला, तेव्हा ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते. रमाबाई सती गेल्या. आता हा शेवट पडद्यावर कसा दाखवावयाचा? मंद संगीत, शालू, हळदीकुंकवाचा मळवट, वाऱ्यावर उडणारी फुले यांनी तो सजविला, की पाहणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीला वाटते, प्रेमाची परमावधी ती हीच. ज्या समाजात तरुण विधवेसमोर जगण्याची दुसरी वाट मानाची नव्हती, त्या समाजाविषयी तिला काहीच कळत नाही. सतीची चाल बंगाल प्रांतात १८२९ साली बेकायदा ठरली, आणि सतीचे उदात्तीकरण हाही गुन्हा आहे असे १९८७च्या कायद्याने सांगितले. रमाबाईंविषयी आपल्याला आदर व करुणा वाटावी. त्यांच्या चितेविषयी मोह वाटू नये. हा भेद राखणे हे दिग्दर्शकाचे काम आहे, आणि तो न राखला गेल्यास घरातील वडील माणसांचे.

चीनमध्येही असेच घडते. छ्येनलुंगची पट्टराणी फूछा १७४८ साली प्रवासात आजारी पडून वारली, आणि सम्राटाने तिच्या शोकात कविता लिहिल्या. ‘यान्शी पॅलेस’मध्ये मात्र ती पुत्रशोकाने उंच मनोऱ्यावरून स्वतःला झोकून देते. आजाराने आलेले मरण कथेला पुरेसे सुंदर वाटले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

याउलट एक उदाहरण आपल्याच घरचे आहे. झी मराठीवर २०१२-१३ मध्ये ‘उंच माझा झोका’ ही रमाबाई रानड्यांची मालिका झाली. १८७३ साली एकतीस वर्षांच्या, नुकतीच पत्नी निवर्तलेल्या महादेव गोविंद रानड्यांचा विवाह अकरा वर्षांच्या रमाबाईंशी झाला. स्वतः सुधारक असून वडिलांच्या आग्रहापुढे रानडे नमले. हा दोष त्यांच्या समकालीनांनीही त्यांच्या पदरी घातला. त्या विवाहात शृंगाराचे साचे शोधू पाहणाऱ्यास संकोचच वाटावा. पण रानड्यांनी पत्नीला शिकविले. घरातील बायकांचे टोमणे सोशीत त्या शिकल्या. पुढे त्या पुण्याच्या सेवासदनाच्या आधारस्तंभ झाल्या, आणि आपल्या आयुष्यातील आठवणी त्यांनी १९१० साली स्वतः लिहून प्रसिद्ध केल्या. या नात्यातील माधुर्य हे पाटीवरील अक्षरांतून उमलत गेले. मालिकेला तो धागा सापडला, आणि बाहूत घसरणे वगैरे काही न होताही प्रेक्षक रोज वेळेवर हजर राहिला.

म्हणून मालिका बंद करा असे सांगण्याचा येथे मुळीच हेतू नाही. २०१९च्या प्रारंभी पेकिंगच्या एका वृत्तपत्राने राजवाड्यातील कारस्थानांच्या मालिकांवर टीका करताच काही वाहिन्यांनी त्यांचे पुनःप्रसारण थांबविले. पण त्यामुळे लोकांची आवड काही थांबली नाही. बंदीपेक्षा संवाद बरा. मुलांच्या शेजारी बसून मालिका पाहावी, आणि भाग संपल्यावर सहज तीन प्रश्न विचारावेत. पहिला : ती ‘नाही’ म्हणाली तेव्हा त्याने ऐकले काय? तिचे मनगट धरून ओढत नेणे हे पडद्यावर उत्कटतेचे लक्षण असेल. रस्त्यावर तो अपराध आहे. दुसरा : यातले खरोखर घडलेले किती, आणि लेखकाच्या पदरचे किती? तिसरा : अंगावरचे दागिने उतरविले, तर या माणसांत आपल्याला आवडण्याजोगे काय उरते?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुले फार चांगले देतात, असा अनेक पालकांचा अनुभव आहे. कोणी म्हणते, तिची हुशारी. कोणी म्हणते, त्याने शब्द पाळला. क्वचित कोणी प्रांजळपणे म्हणते, काहीच उरत नाही. तेही उत्तर वाईट नव्हे.

ज्या मृणाल देव ‘स्वामी’मध्ये रमाबाई झाल्या, त्यांनीच पुढे मृणाल कुलकर्णी या नावाने २०१४ साली ‘रमा माधव’ हा चित्रपट दिग्दर्शित केला, आणि त्यात स्वतः सासूबाई गोपिकाबाईंची भूमिका घेतली. एकच वाडा एकदा सुनेच्या डोळ्यांनी व एकदा सासूच्या डोळ्यांनी पाहण्याचा योग त्यांना आला. प्रेक्षकालाही तो येतो. नात जे पाहते ते आजीने पाहावे, आजी जे पाहते ते नातीने पाहावे, एवढी तयारी मात्र हवी. पुढच्या रविवारी आपल्या घरी हा प्रयोग अवश्य करून पाहावा.