सीबीसीतला ‘एमपीव्ही’ मधुमेहींच्या डोळ्यांबद्दल किती सांगतो?

सीबीसीचा रिपोर्ट हातात पडला की बहुतेकांची नजर थेट प्लेटलेटच्या संख्येवर जाते. डेंग्यूने ती सवयच लावली आहे. त्याच रिपोर्टमध्ये ‘एमपीव्ही’ ही ओळही असते, पण तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. एमपीव्ही म्हणजे प्लेटलेटचा सरासरी आकार. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला होणाऱ्या आजाराची, म्हणजे डायबेटिक रेटिनोपॅथीची चाहूल या आकड्यावरून लागेल का, हे संशोधक तपासत आहेत.

कल्पना बिनबुडाची नाही. मोठ्या आकाराच्या प्लेटलेट जास्त सक्रिय असतात, एकमेकींना लवकर चिकटतात आणि पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अतिशय बारीक असतात. रेटिनोपॅथी असलेल्यांमध्ये एमपीव्ही जास्त असल्याचे अनेक अभ्यासांत दिसलेही आहे. पण मोठ्या प्लेटलेटमुळे पडदा बिघडला, की वाढलेल्या साखरेने दोन्ही बिघडवले, हे एकदाच घेतलेल्या नमुन्यांवरून ठरत नाही.

त्यात हा आकडा लहरी. जांभळ्या झाकणाच्या नळीतील ईडीटीए या रसायनात प्लेटलेट हळूहळू फुगतात. सकाळचा नमुना दुपारी मशीनवर लागला, तर एमपीव्ही वाढलेला दिसू शकतो. मशीन बदलले तरी आकडा बदलतो. अशा मापावर डोळ्यांचा भरवसा कसा ठेवायचा?

प्लेटलेटना आवर घातला की पडदा वाचेल, हे गणितही एकदा फसले आहे. अमेरिकेतील ‘ईटीडीआरएस’ चाचणीत रुग्णांना रोज ६५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिली गेली. रेटिनोपॅथीची वाढ त्याने थांबली नाही, हे १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. (हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेली ॲस्पिरिन मात्र यामुळे कोणी परस्पर बंद करू नये.)

‘आयसीएमआर-इंडियाब’च्या २०२३ मधील अंदाजानुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत. रेटिनोपॅथी सुरुवातीला दुखत नाही, नजरही अधू होत नाही. त्यामुळे खरी भीती एमपीव्ही वाढण्याची नाही. तो ‘नॉर्मल’ आला म्हणून डोळ्यांची तपासणी टाळली जाण्याची आहे. टाइप २ मधुमेहाचे निदान होताच पडदा तपासून घ्यावा आणि पुढे साधारण दरवर्षी, किंवा डॉक्टर सांगतील तसा. बाहुली मोठी करणारे थेंब टाकल्यावर काही तास जवळचे धूसर दिसते, तेव्हा गाडी चालवायला सोबत कोणीतरी न्यावे.