कालव्यांचे शहर आणि आपला कालवा

युरोप पाहून आलेला माणूस ॲमस्टरडॅमविषयी बोलू लागला, की पूल, होड्या आणि सायकली यांपलीकडे सहसा जात नाही. हे सारे तेथे आहेच. परंतु आपल्या जिल्ह्यातील कुणी विद्यार्थी उद्या प्रथमच तेथे गेला, तर त्याने ते शहर शेतकऱ्याच्या डोळ्यांनी पाहावे, असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते.

शहराची ओळख त्याच्या नावातच आहे. ॲम्स्टेल नदीवर बांध घातला, म्हणून ॲमस्टरडॅम. रेल्वे स्टेशनातून सरळ चालत गेले की डॅम चौक लागतो. तेथील राजवाडा भुसभुशीत जमिनीत ठोकलेल्या १३,६५९ लाकडी खांबांवर उभा आहे. चौकाच्या पश्चिमेस हेरेनग्राख्त, कैझर्सग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त हे तीन अर्धवर्तुळाकार कालवे आहेत. त्यांचे खोदकाम १६१३ साली सुरू झाले. काठच्या अरुंद घरांच्या माथ्यावर लोखंडी आकडे दिसतात. होडीतून आलेला माल दोरीने वर ओढून घेण्याची ती सोय. म्हणजे हे कालवे शोभेसाठी नव्हेत, कामासाठी खोदलेले आहेत.

या वैभवात वसाहतींच्या लुटीचाही वाटा आहे, हे विसरू नये. १६०२ साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्यातही होती. तिचे अवशेष तेथे आहेत.

मात्र घेण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. समुद्रसपाटीखालच्या त्या देशात तेराव्या शतकापासून पाणी-मंडळे आहेत. ज्याची जमीन, त्याने बांधाची राखण करावी. न करील त्याने जमीन सोडावी, असा तेथला जुना दंडक होता. आजही या मंडळांसाठी दर चार वर्षांनी निवडणूक होते, आणि मंडळे स्वतःचा कर गोळा करतात. पाण्याचा कारभार हा तेथे लोकांचा कारभार आहे.

आता आपल्याकडे वळू. सिद्धेश्वर धरणाचा कालवा वसमतच्या शिवारातून जातो. त्याच्या पाण्याने ऊस आणि हळद पिकते. तरीही आपण त्याला 'सरकारचा कॅनॉल' म्हणतो. चारी गाळाने भरली तर ती उपसणे हे दुसऱ्या कुणाचे तरी काम! वरच्याने पाणी अडवले, की टोकाचा शेतकरी पाळीची वाट पाहत बसतो. शेतकऱ्यांनी सिंचनाचे व्यवस्थापन स्वतः करावे, असा कायदा महाराष्ट्रात २००५ साली झाला. परंतु कायद्याने संस्था स्थापन होते. तिच्या सभेला मात्र माणसांनीच जावे लागते.

मित्रांनो, ॲमस्टरडॅम पाहण्याचा योग सर्वांना येईलच असे नाही. पण गावच्या पाणी वापर संस्थेची सभा गावातच भरते. तिला जाऊन बसायला पासपोर्ट लागत नाही.