विद्यापीठाचे विश्वस्त आणि विद्वानांची शपथ

युद्ध संपलें म्हणजे शांतता नांदूं लागली, असें मानणें ही मोठी भूल होय. तोफा थंडावतात, पण मनांतील संशय थंडावत नाहीं. आणि युद्धकालीं अधिकाऱ्यांस जी चौकशीची व धाकाची संवय जडते, ती पुढें विद्यामंदिरांतही शिरते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानच्या विद्यापीठाच्या नियामक मंडळानें १९४९ व १९५० सालीं जे ठराव केले, त्यांचा इतिहास या दृष्टीनें आमच्या वाचकांनीं लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे.

या मंडळाच्या सभासदांस रीजंट म्हणतात. त्या वेळीं ते २४ होते; पैकीं १६ गव्हर्नरांनीं सोळा सोळा वर्षांच्या मुदतीनें नेमलेले आणि बाकीचे हुद्याच्या नात्यानें आलेले. इतकी लांब मुदत देण्याचा हेतु उघड होता. विद्यापीठ ही सार्वजनिक ठेव असून तिचा कारभार राजकीय व पंथीय वजनापासून सर्वस्वी अलिप्त राहिला पाहिजे, असें त्या संस्थानच्या राज्यघटनेंतच लिहिलेलें आहे. बाहेरचा वारा आंत शिरूं नये म्हणून जी भिंत उभारली, तीच ही रीजंटांची सभा.

आतां या भिंतीसच भगदाड कसें पडलें तें पाहा. कम्युनिस्ट पक्षाच्या सभासदास नोकरींत ठेवावयाचें नाहीं, असें मंडळानें १९४० सालींच ठरविलें होतें. राज्यघटनेशीं एकनिष्ठ राहण्याची नेहमींची शपथही अध्यापक घेतच होते. तथापि कायदेमंडळांत राजनिष्ठेच्या कसोटीचीं बिलें येऊं लागतांच मंडळास धास्ती पडली, आणि ता. २५ मार्च १९४९ रोजीं, विद्यापीठाचे अध्यक्ष स्प्रौल यांच्याच सूचनेवरून, एक जादा शपथ पसार झाली. अध्यापकांच्या सभेस आधीं विचारण्यांत आलें नाहीं. जूनमध्यें शपथेचे शब्द आणखी कडक झाले. आपण कम्युनिस्ट पक्षाचे सभासद नाहीं, असें जो लिहून देईल त्यासच पुढील सालची नेमणूक मिळावयाची!

सही नाकारणारे कोण होते? मानसशास्त्रांत जगभर नांव मिळविलेले टोलमन हे त्यांचे अग्रणी. दुसरे इतिहासकार कांटोरोविच. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनींत कम्युनिस्टांविरुद्ध ज्यांनीं हातीं बंदूक घेतली, आणि पुढें हिटलरच्या अमलांत ज्यांनीं आपली अध्यापकाची जागा सोडली, असे हे गृहस्थ! त्यांचें म्हणणें आम्हां वकिलांस विशेष पटण्यासारखें आहे. न्यायाधीश, धर्मोपदेशक आणि विद्वान हे तिघेही झगा घालतात. कारण तिघांनाही आपल्या सदसद्विवेकबुद्धीस स्मरून निर्णय द्यावयाचा असतो, आणि त्या बुद्धीवर धन्याचा हुकूम चालत नाहीं.

मंडळाची बाजूही न्यायानें सांगितली पाहिजे. भय सर्वस्वी काल्पनिक नव्हतें. रशियानें ऑगस्ट १९४९ मध्यें अणुबाँबची चांचणी केली, आणि जून १९५० मध्यें कोरियांत युद्ध पेटलें. परंतु भय खरें असलें म्हणून त्यावरील प्रत्येक उपाय खरा ठरत नाहीं. जुन्या विश्वासू गुमास्त्याकडून दरसाल 'मी चोर नाहीं' असें लिहून घेणाऱ्या पेढीवाल्याची पत त्यानें वाढत नाहीं. चोर तें हंसतमुखानें लिहून देतो. मानी मनुष्य मात्र नोकरी सोडून जातो.

तसेंच तेथें झालें. फेब्रुवारी १९५० मध्यें मंडळानें निर्वाणीचा खलिता दिला कीं, ३० एप्रिलपर्यंत सही करा, नाहीं तर नोकरी सोडा. चोहोंकडून ओरड झाली, तेव्हां एप्रिलमध्यें तडजोड निघाली: ज्यास शपथ मान्य नसेल त्यानें अध्यापकांच्या समितीपुढें आपली बाजू मांडावी. समितीनें चौकशी केली. तिच्या निर्णयास अनुसरून ३९ जणांस कायम ठेवावें अशी शिफारस स्प्रौल यांनींच केली, आणि जुलैमध्यें १० विरुद्ध ९ मतांनीं ती मान्यही झाली. पण फेरविचाराची सूचना आली. ता. २५ ऑगस्ट रोजीं, उरलेल्या ३१ अध्यापकांस काढून टाकण्याचा ठराव १२ विरुद्ध १० मतांनीं मंजूर झाला. गव्हर्नर अर्ल वॉरन यांचें मत विरुद्ध पडलें. या अध्यापकांवर कम्युनिस्टपणाचा आरोप नाहीं, प्रश्न मंडळाच्या आज्ञेच्या पालनाचा आहे, असें बहुमतवाल्यांकडूनच स्पष्ट झालें. आरोप नाहीं, पुरावा नाहीं, चौकशीचा निकाल अनुकूल, आणि तरीही शिक्षा! दोन्ही बाजू ऐकून घेण्याचें सोंग करून निकाल आधींच खिशांत ठेवणें, हें मुळींच न ऐकण्यापेक्षां वाईट.

टोलमन व त्यांचे सहकारी न्यायालयांत गेले. १९५१ सालीं अपील कोर्टानें त्यांच्या बाजूनें एकमतानें निकाल दिला कीं, राज्यघटनेंतील शपथेपलीकडे दुसरी कसोटी लावण्याचा मंडळास अधिकार नाहीं. १९५२ सालीं संस्थानच्या वरिष्ठ न्यायालयानेंही त्यांस परत घेण्याचा हुकूम दिला. परंतु कारण वेगळें व अरुंद दिलें. दरम्यान सर्व सरकारी नोकरांसाठीं राजनिष्ठेच्या शपथेचा नवा कायदा झाल्यामुळें मंडळाची निराळी शपथ टिकत नाहीं, एवढेंच तें म्हणालें. म्हणजे एक बेडी तुटली ती दुसरी अधिक मोठी होती म्हणून! ती मोठी बेडीही त्याच न्यायालयानें १९६७ सालीं तोडली. १९६३ सालीं बर्कलेच्या एका नव्या इमारतीस टोलमन यांचें नांव देण्यांत आलें; आणि सही नाकारणाऱ्यांपैकींच सॅक्सन हे १९७५ सालीं त्या विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. काळानें मंडळाचा ठराव असा फिरविला. पण गेलेलीं वर्षें, आणि इतरत्र निघून गेलेले विद्वान, कोणत्या हुकूमनाम्यानें परत येणार?

हा प्रश्न परक्यांचा म्हणून सोडून देतां येत नाहीं. आमच्याकडे १९०४ च्या कायद्यानें कर्झनशाहीनें सेनेटांत सरकारनियुक्त सभासदांचें बहुमत करून ठेवलें, आणि गोखल्यांनीं कायदे कौन्सिलांत त्यास निकरानें विरोध केला. तेथें परकी सरकार होतें. कॅलिफोर्नियांत सरकार स्वकीयांचें, घटना उत्तम, सभासद प्रतिष्ठित. तरीही अनर्थ टळला नाहीं. परकी सत्ता गेली म्हणजे विद्येचें स्वातंत्र्य आपोआप येतें, या समजुतीस याहून चोख उत्तर दुसरें नाहीं.

आमच्या गांवोगांवच्या शिक्षणसंस्थांच्या मंडळांवर व्यापारी, वकील, डॉक्टर बसतात, आणि त्यांत आमचे कित्येक वाचकही असतील. त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे. देवस्थानच्या पंचांकडे जमीन, दागिने आणि हिशेब सोंपविलेले असतात. म्हणून पूजा करणाऱ्याच्या मनांतील भाव तपासण्याचा हक्क पंचांस येत नाहीं. शिक्षकानें गैरवर्तन केलें तर रीतसर आरोप ठेवा, त्याचें म्हणणें ऐका, आणि चौकशीचा जो निकाल लागेल तो स्वतःवरही बंधनकारक माना. पण त्याच्या पोटास चिमटा लावून त्याची बुद्धि गहाण मागूं नका. गहाण पडलेल्या बुद्धीनें शिकविलेली विद्या तुमच्या मुलांच्या काय कामाची?